मध्ययुगीन आर्मेनियातले ख्रिस्ती आणि मुसलमान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्मेनियन इतिहासाचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात ऑटोमन तुर्की राजवटीतला 1915 चा आर्मेनियनांचा संहार येतो, आणि त्याच्या आधीची हजार-बाराशे वर्षं त्याच एका घटनेची पूर्वतयारी असल्यासारखी वाचली जातात. असं वाचणं त्या काळातल्या माणसांवर अन्याय करणारं आहे, असं मला मनापासून वाटतं. ती माणसं आपापल्या दिवसाचे कर भरत होती, सोयरिकी जुळवत होती, भांडत होती, एकमेकांच्या कविता ऐकत होती. त्यांच्याबद्दल वाचकांकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहे.

मध्ययुगीन आर्मेनिया म्हणजे नेमका कुठला भाग?

आजचं आर्मेनिया प्रजासत्ताक हा त्या प्रदेशाचा एक लहानसा तुकडा. जुना आर्मेनिया म्हणजे अरारात पर्वताच्या भोवतीचं पठार, अराक्स नदीचं खोरं आणि व्हान सरोवराचा परिसर. यातला बराचसा भाग आज पूर्व तुर्कस्तानात येतो. अकराव्या शतकानंतर बरेच आर्मेनियन दक्षिणेकडे सरकले आणि भूमध्य समुद्राकाठी सिलिशियात त्यांनी नवं राज्य उभं केलं. परंपरेनुसार आर्मेनियाने 301 मध्ये, म्हणजे इस्लामच्या तीनशे वर्षं आधी, ख्रिस्ती धर्माला राजधर्म मानलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मेस्रोप माश्तोत्सने लिपी घडवली. धर्म, लिपी आणि भाषा यांची इतकी घट्ट वीण आधीच बसलेली होती, ही गोष्ट पुढची सगळी उत्तरं वाचताना लक्षात असू द्या.

मुसलमान सत्ता तिथे कशी आली? तलवारीने की तहाने?

आधी तलवारीने, मग तहाने. 640 मध्ये अरबांनी द्वीन हे मुख्य शहर घेतलं. पण आर्मेनियन सरदारांपुढे आणखीही एक संकट होतं : बायझंटाइन सम्राट. तोही ख्रिस्तीच, पण ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी 451 च्या काल्सेडॉन धर्मपरिषदेने घेतलेले निर्णय आर्मेनियन चर्चने नाकारलेले, त्यामुळे कॉन्स्टँटिनोपलच्या नजरेत हे लोक पाखंडी. सम्राटाचे सैनिक आणि धर्मगुरू दोघेही त्यांच्यावर दबाव आणत होते.

अशा वेळी 652 च्या सुमारास थेओदोरोस र्श्तुनी या सरदाराने सीरियाचा सुभेदार मुआविया याच्याशी तह केला. त्याच्या अटी सेबेओसच्या नावावर असलेल्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. तीन वर्षं खंडणी नाही, नंतर आर्मेनियन देतील तेवढी. त्यांनी 15,000 घोडदळ बाळगावं आणि त्याचा खर्च करातून वळता करावा. त्यांच्या किल्ल्यांत अमीर पाठवले जाणार नाहीत. कोणत्याही मांडलिकाला हेवा वाटावा असा हा तह. तरी तो नोंदवणारा इतिहासकार मात्र त्याला मृत्यूशी केलेला करार म्हणतो. राजकारणी माणसाचा हिशेब आणि धर्मनिष्ठ लेखकाचा संताप एकाच पानावर शेजारी शेजारी दिसतात, आणि पुढची आठशे वर्षं ही जोडी सुटत नाही.

याच इतिहासात प्रेषित मुहंमदांचा उल्लेख येतो : एक व्यापारी, ज्याने आपल्या लोकांना अब्राहामाच्या देवाकडे वळवलं. मुसलमानेतर लेखकांनी केलेल्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी हे एक आहे.

हा तह टिकला का?

नाही. सातव्या शतकाच्या अखेरीस खिलाफतीने प्रदेश थेट ताब्यात घेतला. आर्मेनिया, जॉर्जिया आणि अल्बानिया (कॉकेशसमधला, युरोपातला नव्हे) मिळून 'अर्मीनिया' हा सुभा झाला. 705 मध्ये नखचिवान आणि ख्राम इथल्या चर्चमध्ये आर्मेनियन सरदारांना कोंडून जाळण्यात आलं. ही घटना आर्मेनियन आठवणीत खोलवर रुतली.

सामान्य शेतकऱ्याला मात्र खरा जाच झाला तो कराचा. आठव्या शतकातली हकिकत सांगणारा घेवोंद हा इतिहासकार अब्बासी काळातल्या वसुलीबद्दल पानंच्या पानं लिहितो. कर भरल्याची खूण म्हणून माणसांच्या गळ्यात शिशाचे शिक्के बांधत. या जाचातूनच 774-75 चं मोठं बंड झालं, आणि बग्रेवंदच्या लढाईत ते चिरडलं गेलं. मामिकोन्यान हे सर्वांत मानाचं लढवय्ये घराणं त्यात जवळपास संपलं.

त्यानंतर जे घडलं ते मला फार बोलकं वाटतं. जह्हाफ नावाच्या एका अरब सरदाराने त्याच मामिकोन्यान घराण्यातली मुलगी बायको म्हणून केली आणि सासुरवाडीच्या नात्यावर आर्मेनियन जमिनींवर हक्क सांगायला लागला. जिंकून आलेल्यालाही वैधतेसाठी स्थानिक सोयरीक लागत होती.

धर्मप्रमुखांनी खलिफांशी कसं जुळवून घेतलं?

आर्मेनियन चर्चच्या सर्वोच्च प्रमुखाला कॅथोलिकोस म्हणतात. राजा नसलेल्या काळात तोच प्रजेचा वकील. कॅथोलिकोस सहाक तिसरा अरब सेनापतीकडे दयेची याचना करायला निघाला आणि 703 च्या सुमारास हर्रानमध्ये वारला. मरताना त्याने हातात पत्र धरून ठेवलं, आणि सेनापतीने ते मृत हातातून घेऊन वाचलं, अशी आख्यायिका आहे.

दुसरी गोष्ट होव्हान्नेस ओद्झनेत्सीची (कारकीर्द 717 ते 728). हा विद्वान कॅथोलिकोस खलिफासमोर भरजरी वस्त्रं घालून, दाढीला सुगंध लावून गेला. "तुमचा येशू तर साधा राहायचा, मग हा थाट कशाला?" असं खलिफाने विचारलं. तेव्हा होव्हान्नेसने त्याला बाजूला नेऊन आतला अंगरखा दाखवला : शेळीच्या केसांचा, अंगाला बोचणारा. बाहेरचं लोकांच्या आदरासाठी, आतलं देवासाठी. खलिफा खूश झाला आणि धर्मगुरूंना करमाफी मिळाली, असं नंतरचे इतिहासकार सांगतात. तपशिलाला रंग चढलेला असणार. पण राज्यकर्त्याशी कसं बोलावं याचा आदर्श म्हणून पिढ्यान् पिढ्या ती सांगितली गेली.

ख्रिस्ती राजाला खलिफाने मुकुट दिला, हे खरं का?

खरं. बग्रतुनी घराण्याच्या अशोतला खिलाफतीने आधी 'सरदारांचा सरदार' ही पदवी दिली आणि 884-85 मध्ये खलिफा मुअतमिदकडून त्याला राजमुकुट आला. मग कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटानेही मुकुट पाठवला. एक राजा, दोन मुकुट, आणि दोन्ही बाजूंना आपलाच अधिकार असल्याचं समाधान.

पुढच्या पिढीत हाच खेळ जिवावर बेतला. अझरबैजानचा साजी अमीर यूसुफ याने 908 मध्ये व्हान परिसरातल्या गागिक आर्त्सरुनीला वेगळा मुकुट दिला. हेतू उघड होता, बग्रतुनी राजा स्मबात याच्याविरुद्ध त्याला उभं करायचं. स्मबात हा गागिकचा सख्खा मामा! 914 मध्ये यूसुफने स्मबातला हाल करून मारलं आणि त्याचा देह द्वीनमध्ये क्रुसावर टांगला. या घटनेला 'ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान' असं एका ओळीत बसवता येत नाही. दोन ख्रिस्ती घराण्यांची भाऊबंदकी तिच्या मुळाशी होती. यूसुफचं खरं रूप पाहून गागिकही नंतर त्याच्यापासून दूर झाला.

त्याच गागिकने 915 ते 921 या काळात व्हान सरोवरातल्या अख्तमार बेटावर पवित्र क्रुसाचं चर्च बांधून घेतलं. वास्तुकाराचं नाव मानुएल. बाहेरच्या भिंतींवर योना आणि माशाची गोष्ट, दाविद आणि गोल्याथ. आणि त्याच भिंतींवर, द्राक्षवेलीच्या पट्ट्यात, मांडी घालून हातात पेला घेतलेली एक राजबिंडी आकृती, अगदी अब्बासी दरबारातल्या चित्रांत असते तशी. बायबल आणि बगदाद एकाच दगडात कोरलेलं पाहायचं असेल तर अख्तमारला जावं.

ख्रिस्ती आर्मेनियन माणसाचं नाव 'हसन' कसं?

नावं आणि पदव्या दरबारातून येतात, धर्म घरातून. खाचेनचा (आजच्या काराबाख भागातला) सरदार हसन जलाल अद-दौला हे याचं ठळक उदाहरण. नाव ऐकून कुणी सुलतान वाटेल, पण 1216 ते 1238 या काळात गंजासारचं प्रसिद्ध चर्च त्यानेच बांधलं. 1261 मध्ये मंगोल अधिकारी अर्घून याने त्याला ठार केलं. धर्म सोडण्याचं नाकारून तो मेला असं त्याचा समकालीन इतिहासकार किराकोस गंजाकेत्सी लिहितो. बग्रतुनी राजधानी अनीतल्या पहलवूनी घराण्यातही 'अबूलघरीब' असं नाव सापडतं. आपल्याकडे शहाजी आणि शरीफजी ही नावं कशी पडली ते आठवलं तर यात आश्चर्य वाटणार नाही.

उलट दिशेनेही हेच. व्हान सरोवराकाठच्या अख्लात शहरात बाराव्या शतकात राज्य करणारे तुर्क स्वतःला 'शाह-ए-अर्मन', म्हणजे आर्मेनियनांचा शाह, म्हणवून घेत.

लोकांनी मोठ्या प्रमाणात धर्म बदलला का?

अरब काळात फारसा नाही. अरबांची वस्ती द्वीन, मनाझकर्त, अख्लात अशा मोजक्या शहरांत होती. खेडी सरदार घराण्यांच्या आणि मठांच्या हाती राहिली. सामुदायिक धर्मांतरं आणि मोठं विस्थापन नंतरचं, तुर्की टोळ्यांच्या आगमनानंतरचं, आणि खास करून मंगोल राज्यकर्ते मुसलमान झाल्यानंतरचं.

धर्म बदलणाऱ्यांत जबरदस्तीने, पदासाठी, प्रेमात पडून, कर चुकवायला, असे सगळेच होते. 850 च्या दशकात तुर्क सेनापती बुघाने आर्मेनियन सरदारांना पकडून समर्‍याला, खलिफाच्या तेव्हाच्या राजधानीत, नेलं. स्मबात बग्रतुनी (वरच्या राजा स्मबातचा आजा) धर्म न सोडता कैदेत मेला. अशोत आर्त्सरुनीने वरवर इस्लाम स्वीकारला आणि सुटून आल्यावर पुन्हा ख्रिस्ती झाला. मला या दोघांपैकी एकालाच शूर म्हणणं जमत नाही.

परतीची वाट मात्र कायद्याने बंद होती. एकदा मुसलमान झालेल्याने किंवा मुसलमान म्हणून वाढलेल्याने ख्रिस्ती होणं म्हणजे मृत्युदंड. गोख्तनचा वहान लहानपणी बंदी म्हणून दमास्कसला नेला गेला, तिथे मुसलमान म्हणून वाढला, मायदेशी येऊन ख्रिस्ती झाला आणि 737 मध्ये रुसाफात मारला गेला. त्याच्याही आधी, 693 मध्ये, द्वीनच्या दावितला क्रुसावर चढवलं होतं. तो जन्माने आर्मेनियन नव्हताच, परक्या मुलखातून येऊन बाप्तिस्मा घेऊन स्थायिक झालेला माणूस. अशा हुतात्म्यांच्या कथा आर्मेनियन लेखकांनी पुढची अनेक शतकं लिहून ठेवल्या.

आर्मेनियन इतिहासकार मुसलमानांबद्दल कायम वाईटच लिहितात का?

लिहिणारे बहुतेक मठवासी. संकट आलं की ते पापांची शिक्षा म्हणून लिहायचं, ही त्यांची रीत. मुसलमानांसाठी ते 'इस्माएली', 'हागाराचे वंशज' किंवा 'ताचिक' असे शब्द वापरत. उर्‍हाचा (एदेसाचा) माथेओस तुर्कांवर इतकी आग ओकतो की वाचताना दचकायला होतं. पण तोच माथेओस सेल्जुक सुलतान मलिकशाह याच्याबद्दल लिहिताना एकदम मृदू होतो : ख्रिस्तींवर माया करणारा, दयाळू राजा. आणि बायझंटाइन ग्रीकांबद्दल? त्यांच्यावरचा त्याचा राग तुर्कांवरच्या रागापेक्षा कमी नाही. आपल्याच धर्मातल्या वरचढ माणसाने केलेला अपमान जास्त झोंबतो.

हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक जी टीप लिहीत (आर्मेनियनमध्ये 'हिशातकरान') ती इतिहासग्रंथांपेक्षा मला अधिक जवळची वाटते. कोणत्या साली, कुणाच्या राज्यात, कसल्या थंडीत किंवा दुष्काळात, कुणाच्या आत्म्यासाठी पोथी लिहिली, हे सगळं त्यात असतं. एखाद्या अमीराचा शाप तिथे आहे, तसा दुसऱ्याचा दुवाही.

अनी शहराचं काय झालं?

अनी ही बग्रतुनी राजधानी. त्रदात या वास्तुकाराने तिथलं कॅथेड्रल 1001 मध्ये पूर्ण केलं. शहर 1045 मध्ये बायझंटाइनांनी गिळलं आणि 1064 मध्ये सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने जिंकलं. कत्तल झाली, कॅथेड्रलच्या घुमटावरचा क्रूस उतरवला गेला, चर्चची मशीद झाली.

नंतर शहर शद्दादी या कुर्द मुसलमान घराण्याकडे गेलं. त्यांचा अमीर मनूचिहर याची आई बग्रतुनी राजघराण्यातली. म्हणजे अनीच्या नव्या मालकाच्या अंगात जुन्या राजांचं रक्त होतं. त्याने तटबंदी दुरुस्त केली आणि नदीच्या कड्यावर मशीद बांधली. तिचा अष्टकोनी मिनार अजून उभा आहे. 1124 मध्ये जॉर्जियाच्या राजा दाविदने शहर घेतलं आणि कॅथेड्रल पुन्हा ख्रिस्तींचं झालं.

ख्रिस्ती लोक काझीकडे जात होते का?

जात होते, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ते थांबवण्यासाठी लिहिला गेलेला ग्रंथ. म्खितार गोश या धर्मगुरूने 1184 मध्ये आर्मेनियन कायद्याची संहिता लिहायला घेतली. का लिहितो आहे याची त्याने प्रस्तावनेत कारणं दिली. परके म्हणतात की तुमच्याकडे कायदाच नाही, हे एक. आणि लेखी कायदा नसल्यामुळे आपलेच लोक मुसलमान न्यायालयांत जातात, हे दुसरं. लोक आपल्या दारातून शेजारच्या दारात जाताहेत म्हटल्यावर गोशने आपलं दार नीट बांधून काढलं. ही संहिता पुढे पोलंडमधल्या आर्मेनियन वसाहतींपर्यंत पोचली.

साहित्यात आणि शास्त्रात देवाणघेवाण होती का?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त आवडतं.

अकराव्या शतकात ग्रिगोर मागिस्त्रोस या विद्वान सरदाराचा कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका मुसलमान कवीशी वाद झाला. कवीचं म्हणणं, कुराण यमकबद्ध आहे, तुमच्या बायबलमध्ये तशी शोभा कुठे? मागिस्त्रोसने पैज घेतली आणि काही दिवसांत सगळं बायबल हजार ओळींच्या कवितेत सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच यमक ठेवून. एकच यमक चालवण्याची ही पद्धत मुळात अरबी काफियाची. प्रतिस्पर्ध्याला हरवायला त्याचंच शस्त्र उचललं, आणि आर्मेनियन कवितेला एक नवा घाट मिळाला.

म्खितार हेरात्सीने 1184 मध्येच तापांवर वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, अरबी आणि फारसी वैद्यक अभ्यासून, पण लोकांना कळेल अशा बोलीत.

आणि मग येर्झन्का, आजचं एर्झिनजान. तिथे मुसलमान कारागिरांच्या आणि तरुणांच्या 'अखी' बिरादऱ्या होत्या. प्रामाणिकपणा, पाहुणचार, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणं हे त्यांचे नियम. 1280 मध्ये होव्हान्नेस येर्झन्कात्सी या धर्मपंडिताने शहरातल्या ख्रिस्ती तरुणांच्या बिरादरीसाठी नियमावली लिहिली, तिचा साचा थेट अखींच्या जगातला. याच होव्हान्नेसने बसराच्या 'इख्वान अस-सफा' या मंडळाच्या लेखनातून विचार घेतले, आणि 'ताचिक तत्त्वज्ञांकडून घेतलं' असं उघड सांगितलं. पुढच्या शतकात इब्न बतूता या शहरात आला तेव्हा अखींच्याच मठीत उतरला, आणि इथली बहुतेक वस्ती आर्मेनियन आहे अशी नोंद त्याने केली.

त्याच गावचा कवी कोस्तांदिन येर्झन्कात्सी सांगतो की कुणीतरी शाहनामा मोठ्याने म्हणत होतं, आणि बिरादरीतल्या भावांनी हट्ट धरला : तूही आमच्यासाठी शाहनाम्याच्या चालीत काहीतरी रच. त्याने रचलं. बिरादरीची ती संध्याकाळ मला डोळ्यांसमोर दिसते.

इजिप्तमध्ये आर्मेनियन वजीर होते, हे कसं?

फातिमी खलिफांचं सैन्य आर्मेनियनांनी भरलेलं होतं. बद्र अल-जमाली हा गुलाम म्हणून विकला गेलेला, इस्लाम स्वीकारलेला आर्मेनियन. 1074 ते 1094 या काळात इजिप्तचा खरा कारभारी तोच. कैरोचे बाब अन-नस्र, बाब अल-फुतूह आणि बाब झुवेला हे दगडी दरवाजे त्याच्या काळातले, आणि ते उर्‍हाहून आलेल्या तीन भावांनी बांधले अशी परंपरा आहे.

त्याहून नवलाचा बहराम. हा शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिला, तरी 1135 ते 1137 मध्ये वजीर होता, आणि पदवी होती 'सैफ अल-इस्लाम', इस्लामची तलवार. लोकांचा रोष वाढला आणि रिदवान नावाच्या सरदाराने त्याला हुसकावलं. बहराम मठात जाऊन राहिला. खलिफा हाफिझने त्याला पुन्हा राजवाड्यात आणून ठेवलं आणि 1140 मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत खलिफा स्वतः होता.

सिलिशियाच्या राज्याचे शेजाऱ्यांशी संबंध कसे होते?

बहुतेक वेळा वाईट. म्लेहसारखा राजपुत्र सीरियाचा मुसलमान राज्यकर्ता नूर अद-दीन याच्या मदतीने गादीवर बसला खरा, पण तेराव्या शतकात मंगोलांची बाजू घेतल्यामुळे हे राज्य इजिप्तच्या मामलुकांच्या डोळ्यांत सलू लागलं. 1266 मध्ये मामलुक फौजेने राजधानी सीस लुटली. एक राजपुत्र मारला गेला, एक पकडला गेला. 1285 च्या तहाची मुदत दहा वर्षं, दहा महिने, दहा दिवस आणि दहा तास अशी ठरली होती. 1375 मध्ये सीस कायमचं पडलं. शेवटचा राजा लेव्होन कैरोत कैदेत होता, सुटल्यावर पॅरिसमध्ये 1393 ला वारला.

मंगोल मुसलमान झाल्यावर काय बदललं?

पुष्कळ. 1295 मध्ये इराणच्या गाझानखानाने इस्लाम स्वीकारला आणि सुरुवातीच्या महिन्यांत चर्च पाडली गेली. जिझिया परत आला. पुढे तैमूरच्या स्वाऱ्यांनी 1386 नंतर सारा मुलूख उजाड केला. या काळात ततेव मठाच्या ग्रिगोरने 1397 मध्ये 'प्रश्नांचं पुस्तक' लिहिलं, त्यात मुसलमानांच्या आक्षेपांना उत्तरं देणारा एक भाग आहे. त्रैक्य म्हणजे तीन देव का, येशू देवाचा पुत्र कसा, असे प्रश्न. रस्त्यात, बाजारात, कर भरताना कुणीतरी हे विचारत असणार आणि साध्या ख्रिस्ती माणसाला उत्तर सुचत नसणार, म्हणूनच हे लिहायची गरज पडली.

आणि पुढच्या शतकात, 1441 मध्ये, कॅथोलिकोसचं पीठ सीसहून एच्मियाद्झिनला परत आलं, तेही काराकोयुनलू या तुर्कमान मुसलमान सत्तेच्या परवानगीने.

यातलं आज काय पाहता येतं?

अनी आणि अख्तमार तुर्कस्तानात आहेत. आर्मेनियात वर्देन्यात्स (सेलीम) घाटात ओर्बेल्यान घराण्याच्या चेसारने 1332 मध्ये बांधलेली सराई आहे. डोंगराच्या वळणावर काळ्या दगडाची, आत अंधारी, थंड. तिच्यावर दोन लेख : एक आर्मेनियन, एक फारसी. घाट ओलांडणाऱ्या व्यापाऱ्याने कोणताही देव मानला तरी त्याला निवारा कुणी बांधला ते कळावं, एवढी सोय केलेली. जेरुसलेममध्ये सेंट जेम्सच्या आर्मेनियन मठाच्या दारात मामलुक सुलतान जकमकचा पंधराव्या शतकातला अरबी शिलालेख आहे. मठावर लादलेला कर रद्द, आणि पुन्हा लादेल त्याला शाप.

मुंबईतले आर्मेनियन याच परंपरेतले का?

हो, पण बऱ्याच नंतरचे. अराक्सकाठच्या जुघा गावातले व्यापारी 1604-05 मध्ये शाह अब्बासने उचलून इस्फहानजवळ नव्या जुल्फात वसवले. त्यांचं जाळं सुरत, आग्रा, मुंबई, कोलकात्यापर्यंत पसरलं. मुंबईच्या फोर्टात त्यांचं सेंट पीटर चर्च आहे, 1796 चं. घरात आर्मेनियन आणि बाजारात फारसी बोलणारी ही माणसं मुघल सुभेदारांपुढे इतक्या सहज उभी राहत, कारण अमीर-सुलतानांशी बोलायचं कसं हे त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी द्वीन, अनी आणि येर्झन्कात शिकून ठेवलेलं होतं.